तीस वर्षांची सायकल, मुरमाची वाट : एका पुनर्बांधणीचं प्रकरण

सायकल नव्वदीच्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यातली. अमेरिकेत शिकायला गेलेल्या थोरल्या भावाने परतताना सामानाबरोबर आणली, धाकट्याने काही वर्षं पुण्यात चालवली आणि मग ती कोथरूडच्या एका गच्चीत ताडपत्रीखाली गेली. फ्रेम क्रोमोली पोलादाची. चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, तोही पोलादाचा, सस्पेन्शन नसलेला. चाकं २६ इंची, गियरच्या चकत्या पुढे तीन, मागे सात, ब्रेक कँटिलिव्हर, म्हणजे रिमला दोन्हीकडून दाबणारे. मालक म्हणजे तो धाकटा भाऊ, आता साठीला टेकलेला. वजन ७२ किलो, उजवा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो. वर्कशॉपमध्ये सगळे त्यांना काका म्हणतात, इथेही तसंच लिहितो.

काकांना हवं काय होतं? पानशेत-वरसगावच्या बाजूला, मुळशीच्या पाण्याच्या कडेने, वाड्या-वस्त्यांना जोडणाऱ्या कच्च्या वाटांवर सकाळचे तीन-चार तास रमतगमत फिरायचं. उड्या नाहीत, शर्यत नाही, चढ फारच उभा असेल तर उतरून चालायची तयारी. इतकं ऐकून मला बरं वाटलं. मग त्यांनी खिशातून यादी काढली. पुढे १०० मिलिमीटर दबणारं सस्पेन्शन, दोन्हीकडे डिस्क ब्रेक, पुढे एकच चकती आणि मागे बारा.

"काका, हे सगळं लावलं तर जुन्या सायकलीतली फक्त फ्रेम उरेल," मी म्हटलं.

"उरू दे की. फ्रेमच तर चांगली आहे."

या उत्तरात दम होता, पण निम्माच. फ्रेम चांगली होती ती एका विशिष्ट मापाच्या चिमट्यासाठी आणि विशिष्ट जाडीच्या टायरसाठी. ती मापं मोडली की चांगली फ्रेम वाईट सायकल होते. शिवाय ही सायकल कच्च्या वाटेवर ताशी दहा-बारा किलोमीटरने जाणार होती. त्या वेगाला काय लागतं तेवढं बघायचं, पैसा टायर, ब्रेक, हँडल आणि सगळ्यात खालच्या गियरवर घालायचा, आणि बाकीचं जे धड आहे ते धुऊन, ग्रीस भरून परत बसवायचं, असं मी ठरवलं. काकांना ते लगेच पटलं नाही.

तसं पाहिलं तर माउंटन बाइक जन्मालाच आली ती जुन्या सायकली दुरुस्त करण्यातून. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही पोरांनी तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या जाड टायरांच्या जड श्विन सायकली भंगारातून उचलल्या आणि डोंगरावरून खाली सोडल्या. १९७६ साली त्यांनी फेअरफॅक्सजवळच्या उतारावर शर्यती लावल्या. मागच्या हबमधला, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यातला, ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जाई आणि हब पुन्हा भरावा लागे. त्यावरून त्या उताराचं नावच ‘रीपॅक’ पडलं. जुनी सायकल हातात आली की मला ही मंडळी आठवतात. त्यांनी पार्ट कॅटलॉग बघून निवडले नव्हते, काय मोडतं ते बघून बदलले होते.

फ्रेम आणि अडकलेली सीटपोस्ट

क्रोमोली फ्रेम बाहेरून गंजलेली दिसते तेव्हा बहुधा काळजी नसते. काळजी आतल्या गंजाची. गच्चीवरचं पावसाचं पाणी सीटच्या नळीतून खाली उतरतं आणि बीबीच्या कवचात, म्हणजे जिथे क्रँकचा, म्हणजे पॅडलच्या दांड्यांचा, एक्सल बसतो तिथे, साचून राहतं. बीबी खोलल्यावर चमचाभर लाल चिखल निघाला. आत बॅटरी मारून पाहिलं, नळ्यांवर पान्याच्या दांड्याने टकटक करत ऐकलं. सगळीकडे आवाज खणखणीत होता, पापुद्रे सुटलेले नव्हते. केरोसिनने धुतलं, गंज बसवणारं द्रावण फिरवलं, वाळवलं आणि आतून तेलाचा फवारा दिला. रंगाला हात लावला नाही. डाव्या बाजूला रंगाचे फोड आहेत ते आहेत.

मग फ्रेम वाकडी नाही ना, यासाठी दोरीची चाचणी. मागच्या एका ड्रॉपआउटपासून (एक्सल बसतो ती खाच) दोरी घ्यायची, हेडट्यूबला, म्हणजे पुढच्या आखूड नळीला, वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणायची आणि सीटट्यूबपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजायचं. फरक एक मिलिमीटरच्या आसपास आला. एवढं चालतं. मागचा गियर लटकतो तो कान मात्र आत वाकलेला होता. पोलादाचा असल्याने तो सरळ करता आला. हल्लीच्या अल्युमिनियम फ्रेमवर असाच कान वाकला तर बदलावा लागतो.

सीटपोस्टने, म्हणजे सीट धरणाऱ्या दांडीने, मात्र छळलं. अल्युमिनियमची पोस्ट पोलादी नळीत वर्षानुवर्षं कोरडी राहिली आणि मधे ओलावा आला की दोन धातूंमध्ये रासायनिक क्रिया सुरू होते. अल्युमिनियमचं पांढरं ऑक्साइड तयार होतं, त्याचं आकारमान मूळ धातूपेक्षा जास्त, त्यामुळे पोस्ट आतल्या आत फुगून घट्ट होते. हातोडीने ती निघत नाही, उलट आणखी ठासली जाते. आमच्या मिस्त्रींची पद्धत अशी: फ्रेम उलटी टांगायची आणि बीबीच्या बाजूने आत भेदक तेल सोडायचं, म्हणजे ते पोस्टच्या खालच्या टोकापाशी जमतं. वरून कॉलरमधूनही सोडायचं. रोज थोडं. मग पोस्टचं डोकं वाइसमध्ये पक्कं आवळायचं आणि पाना म्हणून आख्खी फ्रेमच फिरवायची. फ्रेमएवढा लांब पाना बाजारात मिळत नाही. पहिल्यांदा कटकन आवाज आला तेव्हा काका दोन पावलं मागे सरले. तो आवाज ऑक्साइड तुटल्याचा होता. त्यानंतर मागे-पुढे, मागे-पुढे, तेल, पुन्हा मागे-पुढे.

यात यश आलं नसतं तर पोस्ट कापून तिच्या आत उभ्या चिरा पाडायच्या, आणि अगदीच हरलो तर कॉस्टिक सोडा, जो अल्युमिनियम खातो आणि पोलादाला सोडतो. पण तो कातडी आणि डोळेही सोडत नाही, रंगही खातो आणि क्रिया होताना हायड्रोजन वायू सुटतो. घरच्या बाल्कनीत हे कुणी करू नये.

नव्या पोस्टचं माप जुन्या पोस्टवरच्या आकड्यावरून घेतलं: २६.८. ही मापं ०.२ मिलिमीटरच्या पायरीने बदलतात आणि पायरी चुकली की पोस्ट एकतर डुलते किंवा नळीचं तोंड चिरते. नळी आतून पॉलिश पेपरने साफ केली, ग्रीस लावलं आणि काकांना सांगितलं की दर पावसाळ्यानंतर पोस्ट एकदा बाहेर काढायची.

चिमट्याचा वाद

सगळ्यात जास्त चर्चा चिमट्यावर झाली, आणि व्हायलाच हवी होती.

जुना चिमटा चाकाच्या एक्सलपासून हेडसेटच्या, म्हणजे हँडल ज्यात वळतं त्या बेअरिंगच्या, खालच्या वाटीपर्यंत मोजला तर ३९५ मिलिमीटर. २६ इंची चाकासाठीचा १०० मिलिमीटरचा सस्पेन्शन चिमटा साधारण ४७० भरतो. माणूस बसल्यावर तो पंचवीसेक मिलिमीटर दबतो असं धरलं तरी सायकलचं नाक ५० मिलिमीटरने वर जातं. या सायकलीच्या दोन एक्सलमधलं अंतर १०६० मिलिमीटर आहे. म्हणजे आख्खी फ्रेम मागच्या एक्सलभोवती पावणेतीन अंशांच्या जवळपास मागे कलते.

यावर काकांनी बरोबर हरकत घेतली. मूळ हेडट्यूबचा कोन ७१ अंश, तो ६८ च्या वर उतरला तर चांगलंच की, हल्लीच्या ट्रेल बाइक तर ६५-६६ ला असतात. खरं आहे. पण हल्लीच्या सायकलींमध्ये सीटट्यूबचा कोन ७५ ते ७७ असतो आणि फ्रेम लांब असते. पुढचं चाक दूर गेलं तरी माणूस पॅडलच्या जवळजवळ डोक्यावर बसलेला राहतो. आपल्या सायकलीत ७३ चा कोन ७० वर येईल. काका मागे सरकतील, गुडघा पॅडलच्या मागे पडेल, आणि चढावर पुढचं चाक हलकं होऊन इकडेतिकडे भटकेल. क्रँकही दोन सेंटिमीटर वर जाईल. तरुणाला दोन सेंटिमीटरचं काही वाटत नाही. साठीच्या माणसाला दगडाळ वाटेवर थांबून पाय टेकायचा असतो तेव्हा ते दोन सेंटिमीटर कळतात.

त्याहून महत्त्वाचं हेडट्यूबच्या सांध्याचं. चिमटा लांब झाला की दगडावर आदळल्याचा झटका तेवढ्या जास्त लांबीच्या तरफेने खालच्या नळीच्या सांध्यावर येतो. ही फ्रेम आखली गेली तेव्हा सस्पेन्शन चिमटे नवे होते. रॉकशॉक्स कंपनीचा पहिला १९८९ चा, आणि त्याचीही चाल दोन इंचांच्या आतली. शंभर मिलिमीटरचा हिशेब या सांध्यात कुणी धरलेलाच नाही. शिवाय हेडसेट आट्यांचा, सव्वा इंचाहून कमी सरळ दांडीचा. तसे चांगले नवे चिमटे आता जवळजवळ येतच नाहीत. जे स्वस्तात मिळतात त्यांच्यात स्प्रिंग असते, दाब नियंत्रित करणारं तेल नसतं, आणि वजन अडीच किलोंच्या आसपास. असल्या चिमट्यापेक्षा चिमटा न बदललेला बरा.

"मग हातांना दणके बसणारच?" काकांनी विचारलं.

बसणार, पण कमी करता येतील. जाड टायर कमी हवेवर, रुंद आणि किंचित उंच हँडल, जाड ग्रिप. आणि मूळ चिमट्याची पाती पुढे बाकदार होती, बारीक कंप ती थोडा गिळतात. काका गप्प बसले. होकार नव्हता, पण वाद संपला.

डिस्क ब्रेकचा निकाल लवकर लागला. फ्रेमवर, चिमट्यावर कॅलिपर बसवायला जागा नाही, हब डिस्कचे नाहीत. पातळ नळीवर तुकडा वेल्डिंग करून जोडणारे लोक आहेत, पण चिमट्याच्या एका पायावर डिस्कचा सगळा जोर येतो आणि तो पाय त्यासाठी बनलेला नाही.

गियर

क्रँक बीबीच्या चौकोनी एक्सलवर बसणारा, पाच बोटांचा. चकत्या ४६, ३६ आणि २४ दात्यांच्या. मागे १२ ते २८. मागचं चाक २.१ टायरसह एका फेरीत २.०७ मीटर जातं. सर्वात खालच्या गियरमध्ये, म्हणजे २४ भागिले २८, पॅडलच्या एका फेरीत सायकल १.७७ मीटर पुढे सरकते. कुरकुरणाऱ्या गुडघ्याला हे जड.

मागे सात गियरचाच, पण १२ ते ३२ दात्यांचा कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा गठ्ठा, लावला. शिमानोचा असा कॅसेट अजून मिळतो, स्वस्त आहे आणि जुन्या आखूड फ्रीहबवर (हबचा चकत्या बसणारा भाग) तसाच सरकतो. आता खालचा गियर १.५५ मीटर. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर ताशी साडेपाच किलोमीटर. बारा गियरच्या नव्या जोडणीत पुढे ३२, मागे ५१ दाते धरले तर १.३० मीटर मिळाला असता, आणखी हलका, हे मान्य. पण तो वेग पाच किलोमीटरच्याही खाली जातो, आणि त्याच्या आतच काका उतरून चालू लागतात. शिवाय त्यासाठी नवा हब, म्हणजे नवं चाक, नवा शिफ्टर (गियरचा खटका), नवा डिरेलर (चेन सरकवणारा हात), सगळंच.

४६ ची मोठी चकती काढायची हे मात्र नक्की होतं. तिचे दाते झिजून टोकदार झाले होते आणि मातीच्या वाटेवर ती कुणी वापरणार नव्हतं. ३६ ला १२ मध्ये मिनिटाला ७५ फेऱ्यांवर ताशी २८ किलोमीटर होतात. पानशेतहून परतताना डांबरीवर एवढं रग्गड. पण नुसती काढली असती तर चेन घसरून क्रँकच्या हाताला अडकली असती, आणि दगडावर आपटायची पाळी आली की ३६ चे दाते गेले असते. म्हणून तीच चकती शेजारच्या लेथवर नेली आणि दाते उतरवून गोल कडं करून आणलं. त्याच बोल्टवर, त्याच जागी. लेथवाल्याने पैसे घ्यायला काचकूच केली, काम फारच लहान म्हणून. पुढच्या डिरेलरचा स्क्रू असा आवळला की तो तिसऱ्या जागी जातच नाही.

मागचा डिरेलर जुनाच ठेवला. लांब पिंजऱ्याचा आहे. ३२ ची चकती त्याच्या ठरलेल्या मापाच्या थोडी बाहेर जाते, पण डिरेलरला चकत्यांपासून दूर ठेवणारा बी-स्क्रू आत घेतल्यावर वरचं चाक दात्यांना घासत नाही. शिफ्टर मेलेले वाटत होते, अंगठा दाबला की नुसताच आत जायचा. या काळातल्या रॅपिडफायर शिफ्टरचा हा ठरलेला आजार: आतलं ग्रीस वाळून मेणासारखं होतं आणि छोटे खिटके चिकटून बसतात. उघडायच्या भानगडीत न पडता आत सॉल्व्हंट सोडत राहायचं आणि दाबत राहायचं. काळं पाणी येईतो. मग एकदा खिट्ट वाजलं आणि नंतर वाजतच राहिलं. पातळ तेलाचे चार थेंब, झालं. असे शिफ्टर लोक कचऱ्यात टाकतात याचं मला नेहमी वाईट वाटतं.

बेअरिंगचं काम नेहमीचं, ओव्हरऑइलचं. मागच्या हबमध्ये दर बाजूला पाव इंची नऊ छर्रे, पुढच्यात दहा दहा, तीन-सोळांश इंची. छर्रे ज्यावर फिरतात ते पुढचे कोन चांगले निघाले, मागचा उजवा खड्डे पडलेला होता, तो बदलला. हेडसेट सरळ दिशेला येऊन खट्कन बसायचा. तिथे पिंजऱ्यातले छर्रे काढून सुटे भरले, म्हणजे ते जुन्या खड्ड्यांत बसत नाहीत. बीबी पूर्ण नवा, बंद कार्ट्रिजचा. ज्यांनी कधी बीबी उघडला नाही त्यांच्यासाठी: उजवी वाटी उलट्या आट्यांची असते, घड्याळाच्या दिशेने सुटते. मिस्त्रींनी आजवर जेवढ्या आट्या मेलेल्या पाहिल्या त्यातल्या निम्म्या उलट्या बाजूला जोर लावून मेलेल्या.

ब्रेक, टायर आणि सराटे

कँटिलिव्हर ब्रेक वाईट नसतात. फक्त ते लावणारा माणूस कसबी लागतो. आडवी तार किती उंच ठेवायची यावर त्यांची सगळी ताकद अवलंबून असते. शिमानोने १९९६ मध्ये व्ही-ब्रेक आणले ते त्याच खुंट्यांवर बसतात, म्हणून हा बदल जुन्या माउंटन बाइकवर अगदी सरळ आहे. अट एकच, लिव्हर बदलायचे. व्ही-ब्रेकला तार जास्त ओढावी लागते. जुन्या लिव्हरवर ते लावले तर लिव्हर मऊ लागतो, हँडलला टेकतो आणि तरी रबर रिमपर्यंत नीट पोचत नाही. खुंट्यांवरचा गंज पॉलिश पेपरने काढला, ग्रीस लावलं, रबराचं पुढचं टोक किंचित आत ठेवलं. नाहीतर दर उतारावर किंचाळणं ऐकावं लागतं.

टायरचा मापाचा घोळ आधी. २६ इंची म्हटलं की कोपऱ्यावरचा दुकानदार २६ × १⅜ ची ट्यूब पुढे करतो. ती आपल्या नेहमीच्या लेडीज सायकलची, रिम ५९० मिलिमीटरची. २६ × १½ म्हणजे ५८४. माउंटन बाइकचं २६ इंची चाक ५५९. इंचांच्या आकड्याकडे बघूच नये. टायरच्या बाजूला ५४-५५९ असं लिहिलेलं असतं, त्यातला दुसरा आकडा जुळला पाहिजे. चांगली २६ इंची टायरं कमी होत चालली आहेत, पण लुधियानाचा माल मिळतो आणि बाहेरच्या कंपन्यांचेही काही नमुने अजून येतात.

मागे साखळीच्या नळ्यांमधली जागा ६६ मिलिमीटर. तिथे २.१ चं टायर बसवून दोन्हीकडे सहा-सहा मिलिमीटर उरले. २.२५ बसलं असतं, पण काळ्या मातीचा चिखल एकदा लागला की चाक जाम होतं आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. पुढे चिमट्यात जागा भरपूर, म्हणून पुढे २.२५, मोठ्या गाठींचं. मागे कमी गाठींचं, मुरमावर सहज पळणारं. हवा पुढे २५, मागे ३० पीएसआय. काकांना ही हवा बसलेली वाटली. पंपावर ५० भरून घ्यायची त्यांची जुनी सवय. चिमटा न बदलता हातांचा त्रास कमी झाला तो मुख्यतः या एका आकड्याने.

आता काटे. पावसाळा संपला की वाटेच्या कडेने सराटे पसरलेले असतात आणि शेताच्या कुंपणाला टाकलेल्या बाभळीच्या फांद्या वाटेवर येतात. ट्यूबलेस करायचा मोह झाला होता. पण जुन्या रिमला टायरची कड धरून ठेवणारी आतली पायरी नाही, आणि कमी हवेवर वळणावर टायर कडेने हवा सोडतं. त्यापेक्षा जाड ट्यूब, मोटारसायकलसारख्या व्हॉल्व्हची, आणि व्हॉल्व्हचा गाभा काढून आत सीलंट. सराटा घुसला तर तिथल्या तिथे बुजतो. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये सीलंट लवकर वाळतं, तेव्हा उन्हाळ्यानंतर परत भरायचं. बाभळीच्या लांब काट्यापुढे कशाचंच चालत नाही. एक ट्यूब आणि पंप सोबत हवाच.

हँडल, आणि काकांनी जिंकलेली एक गोष्ट

मूळ स्टेम, म्हणजे हँडल धरणारा तुकडा, १३० मिलिमीटरचा, खाली झुकलेला, हँडल ५६० चं, अगदी सरळ. तेव्हाची बसण्याची तऱ्हा शर्यतीची होती. आट्यांच्या हेडसेटमध्ये बसणारा अ‍ॅडॉप्टर घेतला, म्हणजे आजचे स्टेम लागतात, आणि हँडल ७०० मिलिमीटरचं, थोडं उंच, मागे वळलेलं. आधी ६० चा स्टेम लावून पाहिला. पानशेतच्या बाजूच्या पहिल्या फेरीत काका खुर्ची मिळाल्यासारखे सरळ बसले, पण चढावर पुढचं चाक उचलायला लागलं. जुन्या फ्रेमची लांबी कमी, त्यात स्टेमही आखूड झाला की पुढे वजनच राहत नाही. ८० चा लावला, सीट जराशी पुढे घेतली, आणि चाक जमिनीवर राहिलं. हँडल उंचावल्यामुळे सगळ्या तारा नव्याने लांब ओढाव्या लागल्या, हे आधीच धरलेलं बरं.

त्याच फेरीत चेन नळीवर आपटत होती. तिथे जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली.

स्टँडवरून मात्र मी हरलो. क्रोमोलीच्या नळ्या पातळ असतात. बीबीमागे दोन नळ्यांमध्ये आवळायचा स्टँड त्यांना चेपवतो, म्हणून मी नाही म्हणत होतो. झाडाला टेकवा, दगडाला टेकवा. काका म्हणाले, "पाण्याच्या काठी झाड नसतं, आणि मला फोटो काढायचे असतात." शेवटी मागच्या एक्सलजवळ दोन नळ्यांवर जोर वाटून घेणारा स्टँड बसवला, खाली रबर घालून, बोल्ट बेताने आवळून. घंटी आणि कॅरियरही आलं. ड्रॉपआउटवर कॅरियरच्या भोकांची सोय मुळातच होती.

सुट्या भागांचा खर्च पंधरा हजारांच्या आत राहिला. त्यातले सगळ्यात जास्त टायरांवर गेले आणि त्याखालोखाल हँडलच्या जोडणीवर. काकांच्या मूळ यादीला याच्या तिपटीच्या आसपास लागले असते. सायकलीचं वजन कॅरियर-स्टँडसकट साधारण १४ किलो. उभ्या, दगडाळ उतारावर ती आजही सावकाशच न्यावी लागते. हेडट्यूब ७१ अंशांचा आहे, तिथे घाई करून चालत नाही.

पुढचं काम मागच्या रिमचं. रिमवर थांबणारे ब्रेक रिमची भिंत खात राहतात. पट्टी उभी धरली तर मागची भिंत मधे किंचित आत गेलेली दिसते. एक-दोन पावसाळे ती काढेल, खड्डा वाढला तर त्याआधीच बदलायची. तेव्हा हब हाच ठेवायचा, रिम ५५९ चीच घ्यायची, स्पोक नवे. ती रिम आजच घेऊन ठेवा असं मी काकांना सांगितलंय, कारण ब्रेकसाठी घासलेली भिंत असलेल्या २६ इंची रिम आता मागवूनच घ्याव्या लागतात.